आर्लीन राउतिओ मागे बसत नाही

आर्लीन राउतिओ कुणाच्या मागे बसत नाही, हे त्या भागातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. का बसत नाही तेही माहीत होतं. ते तिनेच पन्नास वर्षं सांगितलं होतं, आणि दर वेळी नवऱ्यासमोर.

लग्नानंतरचा पहिला हिवाळा. डेलकडे तेव्हा एक जुनी स्नोमोबाइल होती. पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा आणि पट्ट्याच्या आत सस्पेन्शन म्हणायला चार किडकिडीत स्प्रिंगा. त्या गाडीवर बसणं म्हणजे पाठीचा कणा देवाच्या हवाली करणं. दोघं जंगलातल्या आपल्या लाकडी खोलीकडे निघाली होती. अशा खोलीला तिकडे सगळे कॅम्पच म्हणतात. माकिनेनच्या कुंपणापाशी बर्फाखाली एक बुंधा दडलेला होता. गाडी उडाली. डेल गाडीबरोबर खाली आला, आर्लीन नाही आली. ती बाजूच्या ढिगात कमरेपर्यंत रुतून बसली. आणि डेल? डेल बोलत पुढे गेला. कॅम्पच्या छपराला पत्रे कुठले घालायचे, सौनाची, म्हणजे वाफेच्या न्हाणीची, चूल कुठल्या भिंतीला हलवायची, हे तो तिला सविस्तर समजावून सांगत होता. बायको मध्ये बोलत नाही म्हणजे तिला पटतंय, अशी नव्या नवऱ्याची समजूत. कॅम्पच्या दारात त्याने गाडी बंद केली आणि मागे पाहिलं.

"शोधत उलटा आला," आर्लीन सांगे, "मी बर्फातून अर्धी बाहेर, अर्धी आत. आणि मला विचारतो काय, तर 'अगं, तू उतरलीस कधी?'"

उरलेली वाट ती पायी गेली. हा शेजारून गाडी रांगवत, विनवण्या करत. पुढच्या हिवाळ्यात तिने स्वतःची गाडी घेतली, आणि त्यानंतर ती डेलच्याच काय, कुणाच्याच मागे बसली नाही. बसायची गरजही नव्हती. पोटापाण्यासाठी ती शाळेची बस चालवत होती. सुपीरियर सरोवरावरून वादळ आलं की भलेभले पुरुष दारं लावून बसत, तेव्हा आर्लीन बसचे दिवे लावून वळणावर पोरांची वाट पाहत उभी असे. गावातल्या दोन पिढ्या तिने शाळेत पोचवल्या. बसमध्ये तिने आवाज चढवला असं कुणाला आठवत नाही. डोक्यावरच्या मोठ्या आरशातून ती नुसती बघायची. तेवढ्याने मागच्या बाकावरचं पोर आपोआप खाली बसायचं.

ती रस्त्याला लागायच्या आधी तो रस्ता मोकळा करणारा माणूस म्हणजे डेल. काउंटीचा बर्फ काढायचा ट्रक त्याने जन्मभर चालवला. राउतिओ म्हणजे त्यांच्या आज्या-पणज्यांच्या फिनिश भाषेत लोहार, आणि डेल दिसायला ऐरणीसारखाच होता. तो दारातून आत आला की खोलीतला उजेड कमी होई. आपलं वजन तो असं सांगे, जशी काही माणसं आपली पदवी सांगतात.

नवी गाडी त्याने मागच्या वसंतात नोंदवली. तिकडची रीतच ती: बर्फ वितळायला लागला की पुढच्या हिवाळ्याची गाडी नोंदवायची आणि उन्हाळाभर तिची चित्रं बघत बसायचं. गाडीचं मागचं सस्पेन्शन अगदी नव्या पद्धतीचं होतं. दुकानदाराने विचारलं, वजन किती? डेलने छाती काढून सांगितलं. दुकानातल्या मेकॅनिकने त्याप्रमाणे लिहून घेतलं: स्प्रिंग तीन नंबरवर.

हे तीन नंबर प्रकरण सोपं आहे. मागच्या जाड स्प्रिंगचं टोक एका ठोकळ्यावर टेकतं. ठोकळा पान्याने फिरवला की एक, दोन, तीन अशा खाचा. एक हलक्या माणसाला, दोन मध्यम, तीन डेलसारख्याला. शिवाय मागे दुसरं माणूस बसवायचं झालं, तर तीन. मागच्या माणसासाठी सीटचा एक वेगळा तुकडाही मिळत होता, खटक्याने बसणारा. दुकानदाराने तो फुकट दिला. डेलने तो गराजमध्ये खिळ्याला टांगला.

"हे कुणासाठी रे?" त्याचा दोस्त क्लिफ मात्तिला म्हणाला. "आर्लीनसाठी?"

"तूच सांग तिला," डेल म्हणाला. "मी लांब उभा राहतो."

पण हा तुकडा आला गाडीबरोबर, म्हणजे पुष्कळ नंतर. गाडी नोंदवणं आणि गाडी येणं यांच्या मध्ये उन्हाळा आला. उन्हाळ्यात डेलचं पोट दुखायला लागलं, मग डॉक्टर, मग मोठ्या गावचे मोठे डॉक्टर. त्यांनी पोटाचा बराचसा भाग काढून टाकला. उरलेल्याचं काय ते पुढे बघू म्हणाले. डेल घरी आला. वेलदोडा घातलेल्या गोड पावाचा, म्हणजे निसूचा, एक काप चहाच्या बशीत ठेवून तो अर्धा तास पुरवायला लागला. पूर्वी हा माणूस अख्खा पाव उभ्याउभ्या संपवायचा. पट्ट्याला त्याने खिळ्याने नवी भोकं पाडली, मग त्याच्या आत आणखी पाडली. बर्फ पडला, दुकानातून फोन आला, गाडी तयार आहे.

गाडी आली ती मार्चमधल्या डेलसाठी. तिच्यावर बसायला आला डिसेंबरमधला.

* * *

शनिवारी सकाळी गावातल्या स्नोमोबाइल क्लबच्या शेडमध्ये सगळे जमतात. भट्टीतून काढलेला पन्नुकाक्कू, म्हणजे अंड्याचा जाड पोळा, वर जंगली बोरांचा मुरंबा आणि डांबरासारखी कॉफी. भिंतीवर हेल्मेटं, चुलीपाशी ओले हातमोजे आणि मध्ये लांब टेबलावर वाद. वादाचा विषय हंगामाप्रमाणे ठरतो. त्या वर्षी विषय होता नवं मागचं सस्पेन्शन. कुणाची गाडी कुठल्या कंपनीची हे टोपीवरून कळत होतं आणि मतही टोपीवरूनच कळत होतं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

"मला विचाराल तर," क्लिफ म्हणाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं, पण तीस वर्षं प्लंबिंग केलेल्या माणसाला लोकांच्या घरात न विचारता शिरायची सवय असते. "पूर्वी पुढचा शॉकअप आणि मागचा शॉकअप एकमेकांना बांधलेले असायचे. एक दबला की दुसऱ्याला कळायचं. आता काय? तू तिकडे, मी इकडे, कुणाचा कुणाशी संबंध नाही. म्हणजे नवरा एका खोलीत, बायको दुसऱ्या खोलीत. अशानं संसार होतो का?"

"झोप तरी चांगली लागते," केल्सी ओयाला म्हणाली. केल्सी म्हणजे क्लबातली सगळ्यांत पटाईत रायडर. दोन मुलींची आई झाली तरी उंचवट्यावरून गाडी नेताना तिच्या कॉफीचा थेंब सांडायचा नाही. तिची गाडी थेट डेलच्या गाडीसारखी होती.

"क्लिफ, तुझी बायको गेली कित्येक वर्षं दुसऱ्याच खोलीत झोपते," आर्लीन म्हणाली.

"ते मी घोरतो म्हणून."

"मग! तिला तुझ्याआधी सस्पेन्शन कळलं."

हशा झाला. डेल हसला नाही. तो कॉफीचा मग दोन्ही हातांत धरून बसला होता.

"मी सांगतो कसलं डिझाइन आहे ते," तो म्हणाला. "गाडी नाही ती, नुकती व्यालेली गाय आहे. जवळ गेलं की लाथ. ट्रेलवर वरंबे पडलेत ना, प्रत्येक वरंब्याला खालून अशी हाणते की दातांची कवळी टाळूला चिकटते. कॉलेजात शिकलेल्या पोरांनी काँप्युटरवर काढलंय. त्या काँप्युटरला ढुंगण आहे का?"

"पण डेल, माझी तर लोण्यासारखी जाते," केल्सी पुढे सरसावली. "तुम्ही बसल्यावर मागची बाजू किती दबते ते बघितलं का? एकाने मागून गाडी उचलायची, सोडायची, मग तुम्ही बसायचं. थोडी तरी दबली पाहिजे. कारण आता तुमचं..."

आर्लीनने तिच्याकडे पाहिलं.

आरसा नव्हता, बस नव्हती. पण केल्सी तिसरीत होती तेव्हा हे बघणं तिने पोटभर अनुभवलं होतं. तिने तोंड मिटलं आणि पोळ्याचा एक मोठा तुकडा आत कोंबला.

बाकीचेही आपापल्या बशीत बघायला लागले. तिथल्या माणसांची ही जुनी खोड आहे. बर्फाबद्दल तासभर बोलतील, पट्ट्याच्या दात्यांबद्दल दोन तास, पण कुणाच्या आजारपणाचं नाव काढणार नाहीत. उन्हाळ्यापासून त्या गावात एकानेही डेलला 'तब्येत कशी आहे' असं विचारलं नव्हतं. विचारलं होतं ते एवढंच, की गाडी कशी चालतेय?

"सीट," क्लिफ एकदम म्हणाला. "दोष सीटचा आहे. आत फोम घालतात की जुनी वर्तमानपत्रं, देव जाणे."

"सीटच!" सगळे हायसं वाटून म्हणाले, आणि मग कुणाची सीट किती वाईट यावर दुपारपर्यंत पुरेल एवढं भांडण झालं.

* * *

त्या दिवशी परतताना आर्लीनने डेलला पुढे जाऊ दिलं. एरवी ती पुढे असायची. आज तिला मागून बघायचं होतं.

पन्नास वर्षं ती ही पाठ ओळखत होती. डेल गाडीवर बसला की गाडीचा मागचा भाग हत्ती बसल्यासारखा बसायचा आणि पुढच्या स्की किंचित वर बघायच्या. आता मागचा भाग कोंबडीच्या शेपटीसारखा वर. प्रत्येक वरंब्याला गाडी ताठच्या ताठ उडत होती आणि वर बसलेल्या माणसाला झटकत होती, सतरंजी झटकावी तशी. सस्पेन्शन दबतच नव्हतं, कारण त्याला दाबायला पुरेसा डेल उरला नव्हता.

नाचता येईना अंगण वाकडं, असं आपण म्हणतो. पण नाचणाऱ्याचे पायच कुणी काढून नेले असतील, तर त्याने अंगणाला नावं ठेवली म्हणून त्याला हसायचं कसं?

डेल दुपारचा झोपला तेव्हा आर्लीन पाना घेऊन गराजमध्ये गेली. ठोकळा तीनवरून एकवर आणला, डावा आणि उजवाही. पाना पुसून जागेवर ठेवला. बोलायचं काही कारणच नव्हतं.

पुढच्या फेरीला गाडी वरंब्यांवरून अशी गेली की मागून बघणाऱ्या आर्लीनला हेल्मेटच्या आत हसू आलं. डेल शेडपाशी उतरला. त्याने गाडीकडे पाहिलं, मग आर्लीनकडे. "आज जरा बरी होती," एवढंच म्हणाला आणि आत गेला.

मंगळवारी ती लाकडं आणायला गराजमध्ये गेली आणि सहज वाकून पाहिलं. स्प्रिंग तीनवर.

तिला वाटलं आपलंच चुकलं असेल, ठोकळा नीट बसला नसेल. तिने पुन्हा एकवर आणला. दोन दिवसांनी पाहिलं, तीन. या वेळी तिने दोनवर ठेवला. म्हटलं, तोडपाणी करू. तरीही तीन. महिनाभर हा खेळ चालला. दोघं एका टेबलावर जेवत होती, एकाच सौनात बसून एकमेकांच्या पाठीवर पाणी ओतत होती, आणि दोघांतलं कुणीही पान्याचा विषय काढत नव्हतं. ज्या दिवशी तिची खाच असे त्या दिवशी डेल शेडमध्ये गप्प बसे. ज्या दिवशी त्याची असे त्या दिवशी डिझाइनला आईबहिणीवरून शिव्या देई.

मार्चच्या सुरुवातीला हंगामातली शेवटची मोठी फेरी निघते. सगळा क्लब जंगलातून राउतिओंच्या कॅम्पवर जातो. तिथे सौना पेटवतात, हरणाच्या मांसाचे सॉसेज भाजतात आणि वर्षभराची भांडणं मिटवतात. फेरीच्या आधीच्या शनिवारी डेलने मग खाली ठेवला.

"या वेळी मी नाही," तो म्हणाला. "कॅम्पची चावी क्लिफकडे देतो. तुम्ही जा. गाडी मी दुकानात परत देतोय. हे नवं डिझाइन माझ्याच्यानं होत नाही."

"दुसरी घेशील," क्लिफ म्हणाला. "जुन्या पद्धतीची. माझ्या ओळखीत आहे एक..."

"नाही. झालं माझं गाडी चालवून."

सीटचं नावसुद्धा कुणाला सुचलं नाही. आर्लीनने हातमोजे उचलले आणि ती बाहेर जाऊन स्वतःच्या गाडीवर बसली.

तिला माहीत होतं हे कुठे जातं. तिचा बाप, तिचा दीर, शेजारचा म्हातारा. गाडी विकतात, मग खिडकीपाशी खुर्ची ओढतात. ट्रेलवरून जाणाऱ्यांना हात करतात. मग हात करायचा कंटाळा येतो. वसंतात खुर्ची तिथेच असते. डॉक्टर काय सांगायचं ते सांगोत, तिच्या मते माणूस मरायला सुरुवात होते ती त्या खुर्चीत. आणि डेलला त्या खुर्चीत बसू द्यायचं नाही, हे तिने उन्हाळ्यातच ठरवलं होतं.

* * *

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर ती गराजमध्ये गेली. डेल आधीच तिथे होता, उलट्या बादलीवर बसलेला. हातात फडकं होतं, पण काही पुसत नव्हता.

"ठेव तो पाना," तो म्हणाला.

"कुठला पाना?" हातात पाना धरून आर्लीन म्हणाली.

"आर्लीन."

तिने पाना बाकावर आपटला. "बरं. मग तोंडानं बोलू. एकवर ठेव. लोण्यासारखी जाते, तुलाही ठाऊक आहे."

"एक नंबर केल्सीच्या पोरींचा."

"मग आदळून घे तीनवर. पाठ मोड."

"घेतोच आहे."

"आणि वर गाडी परत! गाडीनं काय घोडं मारलंय तुझं?"

"काही नाही." डेलने फडक्याची घडी केली. "गाडी चांगली आहे. डिझाइनही चांगलं आहे. मला काय कळत नाही? पहिल्याच दिवशी कळलं. बसलो आणि खाली काही हाललंच नाही. फळीवर बसल्यासारखं. गाडीनं मला ओळखलंच नाही, आर्लीन."

"मग इतके दिवस बोंब कशासाठी मारलीस? ती पोरं तुझ्यापायी सस्पेन्शनवर भांडून भांडून घसा बसवून घेतायत!"

"भांडू देत. मी गाडीबद्दल बोललो की तेही गाडीबद्दल बोलतात. मी गप्प बसलो असतो, तर माझ्याबद्दल बोलले असते."

आर्लीनचा हात पुन्हा पान्याकडे गेला.

"एवढंच मागतो," डेल म्हणाला. "तो ठोकळा राहू दे. तू पाना लावतेस आणि मला वाटतं, आणखी एक खाच खाली गेलो. सगळं कमी झालंय. ते एक तरी राहू दे. मला हलकं करू नकोस."

बाहेर पागोळ्यांतून पाणी गळायला लागलं होतं. आर्लीनने नवऱ्याकडे पाहिलं, म्हणजे नीट पाहिलं. घरात रोज दिसणाऱ्या माणसाकडे कोण बघतं? त्याचा तो जाड लोकरी शर्ट, लाल चौकटीचा, खांद्यावरून उतरून कोपरापर्यंत आला होता. कुणी मोठ्या भावाचा घातल्यासारखा.

मग ती म्हणाली, "ऊठ. बादली दे."

"कशाला?"

"ऊठ म्हणते ना."

तो उठला. तिने बादली भिंतीपाशी ठेवली, तिच्यावर चढली आणि खिळ्यावरचा सीटचा तुकडा काढला. हिवाळाभराची धूळ त्यावर साठली होती. ती त्याच्याच हातातल्या फडक्याने पुसली.

"काय करतेस काय?"

"तीन तर तीन. हा खटका कुठल्या बाजूला जातो?"

"आर्लीन."

"दुकानदार दाखवत होता तेव्हा लक्ष कुठे होतं तुझं? वजनच सांगत बसला असशील."

"अगं, तू मागे बसत नाहीस."

"गप्प बस आणि तो कोपरा धर."

खटका डाव्या बाजूला जात होता. पहिल्यांदा त्यांनी तो उलटा बसवला, त्यावरून एकमेकांना दोन शब्द सुनावले, मग सुलटा बसवला. डेलने सीटवर थाप मारून पाहिली. थाप मारून झाल्यावरही हात तिथेच राहिला.

"पाडलंस तर बघ," आर्लीन म्हणाली.

* * *

शनिवारी शेडपाशी क्लबच्या सगळ्या गाड्या रांगेत उभ्या होत्या. राउतिओंच्या घराकडून एकच गाडी येताना दिसली. क्लिफने आधी पुढे पाहिलं, मग मागे पाहिलं. कॉफीचा कप त्याच्या हातात वाकडा झाला आणि कॉफी बुटावर सांडली, ते त्याला कळलं नाही.

गाडी येऊन थांबली. आर्लीन मागे ताठ बसली होती, बस चालवताना बसायची तशी. हेल्मेटची काच वर करून तिने सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली. कुणाची काही बोलायची छाती झाली नाही. म्हणजे क्लिफ सोडून.

"काय रे डेल," तो म्हणाला, "गाडी परत देणार होतास ना?"

"बघू."

"आणि ते डिझाइन? काँप्युटरला ढुंगण नाही वगैरे?"

डेलने हातमोजे वर ओढले. "डिझाइन ठीक आहे. थोडं वजन लागतं त्याला. मग बरं चालतं."

केल्सीने पटकन खाली वाकून बुटाचा बंद बांधायला घेतला. तिच्या बुटाला बंद नव्हता.

"मी म्हटलंच होतं!" क्लिफ ओरडला, पण त्याचा आवाज जरा फाटला. "म्हटलं होतं की नाही? नवरा-बायको एका खोलीतच पाहिजेत!"

"क्लिफ," आर्लीन म्हणाली, "बूट पूस. आणि घरी जाऊन हे बायकोला सांग."

हशाच्या लोटात गाड्या सुरू झाल्या. कुणी ठरवलं नव्हतं, पण सगळ्यांनी राउतिओंना पुढे जाऊ दिलं.

जंगलात शिरल्यावर पहिला वरंबा आला. आर्लीनने सवयीने दात आवळले. खाली काहीतरी मऊ दबलं, पुन्हा वर आलं, आणि वरंबा मागे गेला. दुसरा तसाच. तिसऱ्याला तिने दात सोडले. आता या नव्या सस्पेन्शनबद्दल तिला विचारलं असतं, तर तिने क्लबातल्या सगळ्या टोप्यांचं मत एका वाक्यात खोडून काढलं असतं. पण विचारायला तिथे कुणी नव्हतं. समोर फक्त पाठ होती.

तिने हात त्याच्या कमरेभोवती घातले होते. पहिल्या हिवाळ्यात, त्या जुन्या गाडीवर, ते हात पुरत नसत. बोटांची टोकं कशीबशी एकमेकांना लागायची आणि म्हणूनच बुंध्यापाशी ती सुटली होती. आता हात पुरून उरत होते. डाव्या हाताने तिला उजवं कोपर धरता येत होतं. तिने ते घट्ट धरलं. जाड कोट, त्याच्या आत लोकरी शर्ट, आणि त्याच्या आत उरला होता तेवढा डेल. तिने हेल्मेट त्याच्या पाठीला टेकवलं. काच आतून धुरकटली. थंडीत धुरकटतेच.

माकिनेनचं कुंपण आलं. कुंपण आता नावालाच होतं, चार खांब. बुंधाही कधीच कुजून गेला होता. पण डेलने गाडी हळू केली. उजवा अंगठा वेगाच्या खटक्यावरून सैल झाला. डावा हात त्याने मागे आणला आणि आंधळ्यासारखा चाचपडत तिच्या गुडघ्यावर ठेवला.

"आहेस ना?" तो हेल्मेटातून ओरडला.

"आहे," आर्लीन ओरडली. "पुढे बघ!"

त्याने हात लगेच काढला नाही. आणि मग, कॅम्प येईपर्यंत, सौनाची चूल खरं म्हणजे दुसऱ्या भिंतीलाच हवी होती, यावर तो बोलत राहिला. या वेळी तिने प्रत्येक वाक्याला उत्तर दिलं.